तेल, दाब आणि धान – ७ : सील नवं, गळती जुनीच

होज पाइपचं प्रेसिंग या आठवड्यात घ्यायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण मोहाडी तालुक्यातून हार्वेस्टरबद्दल आलेल्या एका प्रश्नाने माझ्या आवडीच्या जागी बोट ठेवलं आहे. ‘‘हेडर उचलणाऱ्या जॅकचं सील दिवाळीआधी बदलवलं, मंग पुन्हा बदलवलं. चार-सहा दिवस कोरडं राहते आणि मंग रॉडवरून तेल येऊनच राह्यलं. दुकानदार म्हणते माल चांगला आहे. खोट कुठं आहे, भाऊ?’’

दुकानदार खरं बोलत असावा. जॅक गळला की सील बदलायचं आणि पुन्हा गळला की दुकान बदलायचं, ही आपल्याकडची रीत. सील काम कसं करतं हे एकदा नीट पाहिलं, तर पहिला संशय त्याच्यावर जात नाही.

१७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व पास्कलचं, जुनंच. अडचण अशी की दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी बाहेर. कडेचं पॅकिंग आवळावं तर दट्ट्या हलेना, सैल ठेवावं तर गळती. यातून निघालेली तोड ब्रामाच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लेच्या नावावर सांगितली जाते. चामड्याची एक कडी, मध्ये पोकळ, दोन ओठांची. पोकळ बाजू दाबाकडे. दाब पोकळीत शिरतो, ओठ फाकवतो. एक ओठ दट्ट्यावर चिकटतो, दुसरा भिंतीवर. दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट, आणि दाब ओसरला की दट्ट्या मोकळा. गळती करू पाहणाऱ्यालाच राखणीला बसवायचं! यंत्रांच्या दुनियेत याहून देखणी युक्ती मला तरी माहीत नाही.

महाराष्ट्रातल्या गावांना ही युक्ती हातपंपातून भेटली. आधी जालन्याच्या मिशनमधला जालना पंप, मग सोलापूर पंप, आणि त्याच्यावरून १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तयार झालेला इंडिया मार्क टू. त्याच्या दट्ट्यावर चामड्याच्या वाट्या असत. दांडा मारमारून पाणी येईना की मेकॅनिक पाइप उपसून वाट्या बदलायचा. पुढे चामड्याच्या जागी नायट्राइल रबर आलं. हार्वेस्टरच्या जॅकमधलं सील त्याच घराण्यातलं, नायट्राइलचं नाहीतर पॉलियुरेथेनचं. फक्त इथे दाब दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या घरात जातो.

आता प्रश्नाकडे. रॉड सीलची पोकळ बाजू आत, तेलाकडे हवी. त्याच्या बाहेर बसतं ते डस्ट सील. त्याचा ओठ बाहेर, धुळीकडे. घाईत रॉड सील उलटं बसलं तर पहिल्याच उचलीला तेल दिसतं. प्रश्नकर्त्यांचा जॅक दोन्ही वेळा काही दिवस कोरडा राहिला, म्हणजे बसवणाऱ्याचा हात बरोबर होता. नव्या सीलचा ओठ कोणीतरी कुरतडत होतं, आणि त्या ओठावरून दिवसभर ये-जा करतो तो एकटा रॉड.

रॉडची चकाकी हार्ड क्रोमची. हा थर बहुधा मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशाचा, आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतातच. मोहाडीकडे खरीप धान दिवाळीच्या आसपास कापतात. पाणी मिळालं तर उन्हाळी धान मेअखेरीपर्यंत. मग यंत्र पावसाळाभर उभं. कुठे? गोठ्याशेजारी, पत्र्याखाली, हेडर वर उचलून, खाली लाकडाचा ओंडका देऊन. कोंबड्यांची सोय होते, पण हेडर वर म्हणजे रॉड बाहेर. ओल भेगांतून खालच्या लोखंडाशी पोचते, गंज फुगतो, क्रोमचा टवका उडतो. त्यात हंगामाची धूळ. धानाच्या टरफलात वजनाने पंधरा-वीस टक्के सिलिका असते, वाळूत असते तीच. डस्ट सील झिजलेलं असेल तर ही धूळ रॉडबरोबर आत जाते आणि रॉडवर लांबीत ओरखडे काढते. असा ओरखडा म्हणजे तेलाला बांधीतून काढून दिलेला पाट. त्यावर कितीही भारी सील बसवा.

तपासायचं असं. हेडर पूर्ण वर घ्या, सेफ्टी स्टॉप लावा, खाली भक्कम घोडी द्या. इंजिन बंद करून लिव्हर खालच्या बाजूला करा, म्हणजे वजन घोडीवर येईल आणि दाब निघून जाईल. रॉड पुसा. नख आधी गोल फिरवा, मग लांबीत ओढा. नख अडलं तिथे दुखणं आहे. इंजिन चालू असताना मात्र गळती बोटाने कधीही चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून सुई टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. असं झालं तर मलम लावत बसू नका, शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठा.

हलका ओरखडा बारीक एमरी पेपर तेलात भिजवून घासला तर जातो. हात गोल फिरवायचा, लांबीत नाही. नख अडेल एवढा खड्डा असेल तर रॉड काढून हार्ड क्रोम करून घ्यावा, नाहीतर नवा टाकावा. खड्ड्यात चिकटवणी भरून दिलेले रॉडही पाहिले आहेत. त्यांच्या मालकांचा सील कंपन्यांना मोठा आधार आहे.

धान पडायला आलं असेल आणि आभाळ भरून येत असेल, तर गळका जॅक घेऊनच कापणी उरका. मी नावं ठेवणार नाही. टाकीतली पातळी सकाळ-दुपार पाहा, तेल त्याच ग्रेडचं घाला, आणि उचललेल्या हेडरखाली कोणाला जाऊ देऊ नका. हंगाम संपला की रॉड बघा, आणि यंत्र उभं करताना हेडर फळीवर टेकवून ठेवा, म्हणजे रॉड आत तेलात राहील.

होज पाइप पुढच्या आठवड्यात. प्रश्नकर्त्यांना तोवर एवढंच : काढलेलं दुसरं सील फेकलं नसेल तर त्याचा आतला ओठ उजेडात धरून पाहा आणि कळवा. सगळीकडून सारखा झिजलाय, की एकाच जागी चिरलाय?