शुगर आहे म्हणून आईला घरी ठेवू नका

अशोक विजयादशमीला वस्तीतून दीक्षाभूमीला गाडी निघते, तेव्हा शुगर असलेली आई म्हणते, "तुम्ही जाऊन या." बंधू-भगिनींनो, तिलाही न्या. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे धम्मदीक्षा दिली, ती भूमी तिलाही पाहू द्या.

गोळ्या, इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. गोळी घेऊन जेवण लांबले तर शुगर उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पाय बधिर असतील तर जखम कळत नाही. गर्दीत चप्पल पायातच हवी, रात्री तळवे पाहा.

आणि खीर? जेवणासोबत दोन-चार चमचे, तेवढा भात कमी. भीमगीते ऐकत, पुस्तकांचे स्टॉल पाहत फिरण्याला मात्र पथ्य नाही. जयभीम!