परीकथेचा कादंबरीरूप विस्तार : रॉबिन मॅकिन्ली यांची ‘ब्यूटी’

१

परिचित कथेच्या पुनर्कथनापुढे एक मूलभूत अडचण असते. कथेचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. ‘पुढे काय झाले?’ ही उत्सुकता संपलेली असताना लेखकाला ‘हे का झाले?’ व ‘कसे झाले?’ या प्रश्नांवर आपली कलाकृती उभी करावी लागते. ‘ययाति’ (१९५९) किंवा ‘मृत्युंजय’ (१९६७) यांच्या वाचकाला ही प्रक्रिया अपरिचित नाही. मात्र महाभारतातील व्यक्तिरेखांना मुळातच वंश, भूतकाळ आणि अंतर्द्वंद्व असते. परीकथेतील पात्रांना यांपैकी काहीच नसते. माक्स ल्यूथी यांनी युरोपीय लोककथेच्या शैलीचा विचार करताना (१९४७) हीच गोष्ट दाखवून दिली : तेथील पात्रांना अंतर्विश्व नसते, परिसर नसतो, ती केवळ कृती करतात. अशा सपाट पात्रांना कादंबरीचे मानसशास्त्र बहाल केले, तर परीकथा परीकथा उरते काय? अमेरिकन लेखिका रॉबिन मॅकिन्ली यांची ‘ब्यूटी’ (१९७८) ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली पहिली कादंबरी या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरते.

२

‘सुंदरी आणि श्वापद’ या कथेचे मूळ आशयसूत्र पशुरूप वराचे आहे. आर्न-थॉम्प्सन वर्गीकरणात तिचा क्रमांक ४२५-सी असा असून, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील अपुलेयसकृत क्यूपिड व सायकी यांच्या कथेशी तिचे नाते सांगितले जाते. तिचे साहित्यिक रूप मात्र अठराव्या शतकातील फ्रेंच लेखिकांनी घडविले. मादाम द व्हिलनव्ह यांची १७४० मधील कथा प्रदीर्घ होती. तीत नायिका अखेरीस राजा व परी यांची कन्या ठरते. मादाम लप्रँस द बोमाँ यांनी लंडनमध्ये अध्यापिका म्हणून काम करीत असताना, १७५६ मध्ये, विद्यार्थिनींसाठी तिचा संक्षेप केला. व्हिलनव्ह यांच्या कथेतील श्वापद दररात्री शय्यासोबतीची मागणी करते. बोमाँ यांनी तिचे रूपांतर विवाहाच्या मागणीत केले, नायिकेला व्यापाऱ्याचीच मुलगी ठेवले आणि मत्सरी बहिणींना पुतळे करून शिक्षा दिली. आज सर्वत्र परिचित आहे ती हीच बोधपर आवृत्ती. म्हणजे ज्या कथेला ‘मूळ’ समजले जाते, तीच एक पुनर्कथन आहे. मॅकिन्ली यांचा विस्तार या परंपरेत पाहावयास हवा.

३

मॅकिन्ली यांनी कथानकाचा सांगाडा फारसा बदललेला नाही. व्यापाऱ्याची जहाजे बुडणे, खेड्यातील दारिद्र्य, हिमवादळातील किल्ला, तोडलेले गुलाब, दररात्रीचा विवाहाचा प्रश्न हे सारे येथे आहे. बदलले आहेत ते कार्यकारणसंबंध. बहिणी ग्रेस व होप मत्सरी नाहीत, प्रेमळ आहेत. त्यामुळे खलत्वाचा भार कोणावरही पडत नाही; घर सोडणे ही छळातून सुटका न राहता खरा त्याग ठरतो. होप हिचा लोहार पती, ग्रेस हिचा समुद्रात हरवलेला प्रियकर, नायिकेने शिंगरू असल्यापासून वाढविलेला ग्रेटहार्ट हा घोडा यांच्या द्वारे ल्यूथी यांना लोककथेत न दिसलेला परिसर लेखिका उभा करते. श्वापद कथेत बऱ्याच उशिरा येते. तोपर्यंत वाचकाला नायिका काय गमावणार आहे ते पूर्णपणे उमगलेले असते.

नावाची योजना याहून अर्थपूर्ण आहे. नायिकेचे खरे नाव ‘ऑनर’, म्हणजे प्रतिष्ठा, वचननिष्ठा. पाच वर्षांची असताना हा अर्थ तिला भावला नाही, म्हणून तिने ‘ब्यूटी’ हे नाव मागून घेतले. मोठेपणी ती स्वतःला कुरूप समजते आणि हे नाव तिला उपहासासारखे चिकटते. तरीही पित्याच्या वचनासाठी ती किल्ल्यात जाते तेव्हा टाकून दिलेले नावच कृतीतून सार्थ करते. प्रथमपुरुषी निवेदनामुळे वाचकाला तिचे रूप केवळ तिच्याच शब्दांत कळते. आरशाविना वावरणाऱ्या निवेदिकेच्या साक्षीवर किती विसंबावे, हा संशय कादंबरी शेवटपर्यंत जिवंत ठेवते.

४

संमतीचा प्रश्न हा या कथेचा गाभा. नायिका भीतीपोटी किंवा कृतज्ञतेपोटी होकार देते काय? बोमाँ यांच्या संक्षिप्त कथेत या प्रश्नाला अवकाशच नव्हता. मॅकिन्ली यांनी कादंबरीचा विस्तार त्यासाठीच वापरला आहे. अनेक महिन्यांच्या सहवासात नायिका नकार देतच राहते आणि त्या नकाराचा आदर होतो. ग्रीक-लॅटिनची आवड असलेल्या या मुलीला किल्ल्यात असे ग्रंथालय लाभते, की त्यात अद्याप लिहिलेच न गेलेले ग्रंथही आहेत. तेथे रॉबर्ट ब्राउनिंगही तिला भेटतो. प्रेमाची वाढ अशी वाचनातून व संभाषणातून होते. पुढे अदृश्य दासींचे बोलणे तिला ऐकू येऊ लागते. कायापालटापूर्वी होणारा हा बदल महत्त्वाचा आहे : श्वापदाचे रूप बदलण्याआधी नायिकेची ग्रहणशक्ती बदललेली असते. परीकथेतील जादू येथे नाहीशी होत नाही. ती आंतरिक परिवर्तनाची खूण बनते.

५

शेवट मात्र वादग्रस्त आहे. श्वापद पुरुषरूप धारण करते आणि आरशात पाहिल्यावर नायिकेला आपण सुंदर असल्याचे दिसते. ती आधीपासूनच सुंदर होती, फक्त तिला ते दिसत नव्हते, असा एक अन्वयार्थ संभवतो. पूर्वोक्त संशय त्याला आधार देतो. परंतु रूपापेक्षा शील श्रेष्ठ, असे सुचविणाऱ्या कादंबरीने अखेरीस रूपाचेच पारितोषिक दिले, हा आक्षेपही टाळता येत नाही. लेखिकेने हीच कथा १९९७ मध्ये ‘रोझ डॉटर’ या कादंबरीत पुन्हा लिहिली आणि तेथे नायिकेच्या निवडीनुसार श्वापद श्वापदच राहते. पहिल्या कादंबरीतील अनुत्तरित प्रश्नाला दिलेले ते उत्तर म्हणता येईल.

या दोन कादंबऱ्यांवरून एक निष्कर्ष काढता येतो. परीकथेचा विस्तार म्हणजे केवळ तपशिलांची भर नव्हे. मूळ कथेने ज्या ठिकाणी मौन पाळले, तेथे प्रश्न विचारणे हे त्याचे खरे कार्य आहे. त्या प्रश्नाचे उत्तर एका पुनर्कथनात संपत नाही, म्हणूनच परंपरा जिवंत राहते. कुमारसाहित्याला सोपे साहित्य मानण्याची सवय असलेल्या समीक्षेने या दृष्टीने त्याच्याकडे नव्याने पाहावयास हवे.