आकाशात जमलेली गाठ, काड्यांनी बांधलेला संसार

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात, असे आपण म्हणतो. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांची गाठ मात्र खरोखरच आकाशात पडते. नर आणि मादी उंच उंच चढत जातात. हवेतच एकमेकांच्या पायांची नखे घट्ट पकडतात आणि पंख पसरून भिंगरीसारखे गरगरत खाली कोसळू लागतात. झाडांचे शेंडे जवळ येतात, पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. आता दोघेही जमिनीवर आपटणार, असे वाटत असतानाच पकड सुटते आणि दोन्ही पक्षी दोन बाजूंना झेपावत पुन्हा वर जातात.

हा बाल्ड ईगल, अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ पासून विराजमान असलेला पक्षी. ‘बाल्ड’ म्हणजे टकला, असा अर्थ आज कोणीही घेईल. पण जुन्या इंग्रजीत या शब्दाला पांढऱ्याची छटा होती. त्याचे डोके पिसांनी भरलेले असते, फक्त ती पिसे शुभ्र असतात. हा गरुड एकदा जोडी जमली की जन्मभर निभावतो, अशी त्याची ख्याती आहे. ती कितपत खरी?

आधी पारख, मग भरवसा

गरुडाचे पिल्लू पूर्ण वाढले तरी पहिली काही वर्षे त्याचा रंग मळकट तपकिरीच असतो. चार-पाच वर्षांचे झाल्यावर डोके आणि शेपटी पांढरी होते, चोच पिवळी धमक होते. वयात आल्याची ही खूण दुरूनही दिसते. मादी नरापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने मोठी असते आणि तिच्या पसरलेल्या पंखांची लांबी सात फुटांच्या पुढे जाऊ शकते.

हवेतली ती भिंगरी पाहायला प्रणयाची वाटते, पण तिच्यात जोखीम मोठी असते. नखे वेळेवर सुटली नाहीत, तर दोघेही जमिनीवर येतात. असे जायबंदी गरुड लोकांना सापडलेही आहेत. जोडीदाराची ताकद आणि चपळाई यातून पारखली जात असावी, असे अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे हद्दीवरून भांडणारे दोन गरुडही अशीच नखे गुंतवतात. त्यामुळे आकाशात चाललेला प्रकार प्रेमाचा की वैराचा, हे खालून पाहणाऱ्याला चटकन सांगता येत नाही.

एरवीची जवळीक मात्र साधीसुधी असते. एकमेकांचा पाठलाग करणे, एकाच फांदीवर खेटून बसणे, चोचीला चोच लावणे, मान वर करून दोघांनी मिळून साद घालणे. एवढ्या रुबाबदार पक्ष्याचा आवाज बारीक, किणकिणल्यासारखा असतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

बांधून न संपणारे घर

जोडी जमली की खरे काम सुरू होते ते घरट्याचे. पाण्याजवळचे उंच, मजबूत झाड निवडायचे, जाड काटक्या आणून रचायच्या, मध्ये गवत, शेवाळ आणि मऊ पिसे अंथरायची. अंडी घालण्याच्या कितीतरी आधी ही लगबग चालू होते आणि त्यात नर-मादी दोघांचाही हात असतो. एखादी लांब फांदी कुठे ठेवायची, यावरून दोघांची ओढाताण चाललेलीही दिसते. एकाने ठेवलेली काडी दुसऱ्याने उचलून पलीकडे लावायची, हे तर नेहमीचेच.

जोडी सहसा दरवर्षी त्याच घरट्यात परतते आणि त्यावर नव्या काड्यांचा थर चढवते. उत्तरेकडच्या गरुडांना हिवाळ्यात पाणी गोठल्यावर दक्षिणेला जावे लागते. तिथे नर-मादी एकत्र असतीलच असे नाही, पण वसंतात दोघेही जुन्या घरट्यापाशी येतात. वर्षानुवर्षांच्या या भरीमुळे घरटे अवाढव्य होते. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका घरट्याची १९६३ मध्ये मोजणी झाली. ते सुमारे साडेनऊ फूट रुंद आणि वीस फूट खोल होते, वजन दोन टनांहून अधिक! ओहायो राज्यात व्हर्मिलियन इथले एक घरटे तीन दशकांहून अधिक काळ वापरात होते. १९२५ च्या वादळात झाडच कोसळले, तेव्हा कुठे ते संपले.

दोघांच्या पाळ्या

मादी साधारणपणे दोन, कधी एक तर कधी तीन अंडी घालते. ती सुमारे ३५ दिवस उबवावी लागतात. मादी जास्त वेळ बसत असली तरी नरही पाळी घेतो. पिल्ले बाहेर आल्यावर सुरुवातीचे काही आठवडे मादी त्यांना पंखाखाली घेते आणि मासळी आणण्याचा बराचसा भार नरावर पडतो. दहा ते बारा आठवड्यांनी पिल्ले उडू लागतात.

कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर खोऱ्यात जॅकी आणि शॅडो ही जोडी राहते. त्यांच्या घरट्यावर लावलेल्या कॅमेऱ्यामुळे जगभरची माणसे त्यांचा संसार घरबसल्या पाहतात. २०२४ च्या हिवाळ्यात जॅकीने तीन अंडी घातली. हिमवादळात ती साठ तासांहून अधिक काळ अंड्यांवरून उठली नाही. पाठीवर बर्फाचा थर साचला, तरी ती बसून राहिली. पण त्या वर्षी एकही अंडे फुटले नाही. मुदत उलटून गेल्यावरही दोघे आठवडेच्या आठवडे पाळीपाळीने बसत होते. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, त्यांच्या तीन अंड्यांतून तीन पिल्ले आली. मार्चमधल्या वादळात एक दगावले, उरलेली दोन मोठी होऊन उडाली.

जन्मभराची साथ?

मग ही साथ जन्मभराची असते का? पुष्कळदा असते, पण नेहमीच नाही. फ्लोरिडातल्या नॉर्थ फोर्ट मायर्स इथे हॅरिएट नावाची मादी आणि ऑझी नावाचा नर अनेक वर्षे एकत्र राहत होते. २०१५ च्या मार्चमध्ये ऑझी जखमी झाला. उपचार होऊन तो जूनमध्ये परतला, तोवर हॅरिएटपाशी एक तरुण नर आलेला होता. सप्टेंबरमध्ये ऑझी पुन्हा जखमी अवस्थेत सापडला आणि या वेळी वाचला नाही. माणसांच्या मापाने याला बेइमानी म्हणायचे का? गरुडाला विणीचा हंगाम थांबवून वाट पाहणे परवडत नाही. घरटे राखायला दुसरा हवा असतो.

इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीकाठच्या एका घरट्याची कहाणी तर याहून वेगळी. होप या मादीचा पहिला नर उबवण्यात आणि मासे आणण्यात कच्चा निघाला. २०१३ मध्ये दुसऱ्या नराने त्याची जागा घेतली. पहिला मात्र तिथेच घुटमळत राहिला आणि पुढे तिघे मिळून पिल्ले वाढवू लागले. २०१७ च्या मार्चमध्ये परक्या गरुडांनी हल्ला केला आणि होप नाहीशी झाली. तेव्हा त्या दोन नरांनी मिळून पिल्ले सांभाळली आणि उडण्याजोगी केली. एके काळचा कामचुकार बापही आता कामाला लागला होता!

जोडी अभंग, अंडी फुटकी

पण एक संकट असे आले, की त्यापुढे जोडीच्या निष्ठेचाही उपयोग नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शेतात आणि दलदलींवर डीडीटीची बेसुमार फवारणी झाली. ते विष पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडांच्या शरीरात साचले. अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली, की उबवायला बसलेल्या आईबापांच्याच भाराने ती फुटू लागली. १९६३ मध्ये अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांत विणीच्या जेमतेम ४१७ जोड्या उरल्या होत्या.

रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ च्या पुस्तकाने लोकांचे डोळे उघडले आणि १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. घरटी राखली गेली, शिकारीला कायद्याने आळा बसला. २००७ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला. याच ४८ राज्यांत २०१९ च्या पाहणीनुसार वापरातल्या घरट्यांचे ७१ हजारांवर इलाके असल्याचा अंदाज आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याला राष्ट्रीय पक्षी म्हणून कायद्याने मान्यताही मिळाली.

या गरुडाचा एक जवळचा भाऊबंद आपल्या कोकण किनाऱ्यावरही राहतो. तो म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. त्याचीही जोडी समुद्राजवळच्या उंच झाडावर काटक्यांचे मोठे घरटे बांधते आणि वर्षानुवर्षे त्याचीच डागडुजी करते. त्या जोडीलाही हवे असते ते एवढेच: उभे राहिलेले झाड आणि निर्मळ पाण्यातली मासळी.

हॅरिएटकडे आलेला तो तरुण नर ‘एम-१५’ या नावाने ओळखला जातो. २०२२ च्या सप्टेंबरमधल्या ‘इयान’ चक्रीवादळाने दोघांचे घरटे उडवून नेले, तेव्हा दोघांनी ते नव्याने बांधले. २०२३ च्या फेब्रुवारीत हॅरिएट उडून गेली ती परत आलीच नाही. घरट्यात महिनाभराची दोन पिल्ले होती. एम-१५ ने एकट्याने मासे आणले, एकट्याने पहारा केला आणि दोन्ही पिल्ले उडेपर्यंत वाढवली. त्याच वर्षी पुढे एक नवी मादी तिथे येऊ लागली. जुन्या घरट्यावर पुन्हा काड्या चढू लागल्या, एक त्याने आणलेली, एक तिने.