जादा गादीचा हिशेब

मुंबई-गोवा महामार्ग आणि दिवा-रोहा लोहमार्ग यांनी जोडलेले पेण व रोहा हे रायगड जिल्ह्यातील शेजारचे तालुके मुंबई-ठाण्याच्या कुटुंबांना मुलाबाळांसह एखाद-दुसऱ्या रात्रीच्या मुक्कामासाठी सोयीचे पडतात. पेण, हमरापूर व जोहे येथील गणेशमूर्तींचे कारखाने, वाटेवरच्या सुधागड तालुक्यातील पालीचा बल्लाळेश्वर आणि रोहा तालुक्यातील कोलाड परिसरात कुंडलिका नदीकाठी उभी राहिलेली निवासी शिबिरे ही या प्रवासाची नेहमीची ठिकाणे होत. या मुक्कामात लहान मुलांसाठी आकारले जाणारे जादा शुल्क हा पालक आणि यजमान यांच्यातील वादाचा विषय होतो, आणि ते शुल्क नेमके कशाचे आहे हे दोन्ही बाजूंनी आधी स्पष्ट केलेले नसणे हे त्याचे प्रमुख कारण असते.

प्रवासभाड्याच्या बाबतीत अशी संदिग्धता उरत नाही. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा घेतली नाही तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अनारक्षित गाडीत अर्धे तिकीट लागते, तर आरक्षित डब्यात त्याच्यासाठी स्वतंत्र बर्थ मागितल्यास 21 एप्रिल 2016 पासून मोठ्या माणसाइतकेच पूर्ण भाडे द्यावे लागते. एसटीचे अर्धे तिकीटही पाच ते बारा याच वयोगटाला मिळते. रेल्वेचा 2016 मधील बदल पालकांना महाग पडला हे खरे, तथापि त्यामागील तत्त्व सरळ आहे: मूल जागा अडवत असेल तर जागेचे पैसे द्यावेत, आईवडिलांच्या जागेतच सामावत असेल तर देऊ नयेत. हा नियम छापील आहे आणि दिव्याला गाडीत बसणाऱ्याला व रोह्याहून पुढे कोकण रेल्वेने जाणाऱ्याला तो सारखाच लागू होतो.

निवासव्यवस्थेत असा एकच नियम नाही. हॉटेलातील खोलीचा दर सामान्यतः दोन प्रौढांसाठी धरलेला असतो आणि तिसऱ्या व्यक्तीसाठी जादा गादी किंवा खाट घेतल्यास वेगळी रक्कम पडते. परंतु किती वर्षांपर्यंतचे मूल या हिशेबातून वगळायचे हे प्रत्येक मालक स्वतः ठरवतो, म्हणून कोठे पाच, कोठे आठ, तर कोठे बारा वर्षांची मर्यादा आढळते. येथे गादीचे शुल्क आणि माणशी शुल्क यांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिल्यात एक वस्तू मिळते, तिची चादर धुवावी लागते, खोलीतली जागा व्यापली जाते, आणि म्हणून ते न्याय्य ठरते. दुसऱ्यात मूल आईच्या कुशीत झोपले तरी केवळ डोकी मोजून रक्कम लावली जाते. दोन वर्षांच्या बालकासाठी गादी, थाळी वा अन्य कोणतीच सोय न देता घेतलेल्या रकमेचे समर्थन करणे कठीण आहे.

कोलाडच्या शिबिरांत आणि परिसरातील कृषी पर्यटन केंद्रांत मात्र हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे खोलीचा स्वतंत्र दर नसून राहणे, नाश्ता, दोन वेळचे जेवण आणि खेळ मिळून माणशी एकच रक्कम सांगण्याची पद्धत आहे. कुंडलिकेतील राफ्टिंग, म्हणजे हवा भरलेल्या रबरी तराफ्यातून वेगवान प्रवाहात केलेला प्रवास, भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सोडलेल्या पाण्यावर चालतो. पाणी सुटते तेव्हाच, म्हणजे प्रायः सकाळी, तो करता येतो आणि सुरक्षिततेसाठी लहान मुलांना त्यात घेतले जात नाही. ज्या खेळात मुलाला प्रवेशच नाही त्याचा खर्च धरलेली माणशी रक्कम त्याच्याकडून पूर्ण, किंवा तिच्या निम्म्याने, घेणे हे हिशेबाला धरून नाही. अशा ठिकाणी मुलाच्या दरात जेवण किती आणि खेळ किती, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे, आणि चार वर्षांचे मूल अख्खी थाळी संपवत नाही हे यजमानालाही ठाऊक असते.

यजमानाची बाजूही समजून घेतली पाहिजे. घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या कुटुंबाची कमाई शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांच्या दिवसांपुरती असते, पाणी व वीज मुलांसाठीही लागते, आणि दोघांची खोली घेऊन पाच जण उतरले तर गैरसोय त्याच घराला सोसावी लागते. आरक्षणाच्या वेळी दर कमी दिसावा म्हणून मुलांचा उल्लेख न करणारे, किंवा सात वर्षांच्या मुलाचे वय पाच सांगणारे पालक या व्यवहारातला विश्वास घालवतात. मुलाचे आधार कार्ड सोबत असल्यास वयाचा वाद तेथेच मिटतो.

करासंबंधीही थोडी माहिती उपयोगी पडेल. जादा गादीची रक्कम खोलीच्या बिलाचाच भाग असल्याने तिच्यावरही वस्तू व सेवा कर लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीसाठी हा दर 5 टक्के आहे. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असलेल्या लहान यजमानाला सहसा नोंदणी सक्तीची नसते, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून थेट हा कर घेता येत नाही.

जाहिरातीत कमी किंमत दाखवायची आणि उरलेली शुल्के शेवटच्या टप्प्यावर उघड करायची, या प्रकाराला व्यापारी परिभाषेत ड्रिप प्रायसिंग म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या ऑनलाइन रचनांविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांतील तेरा प्रकारांत याचाही समावेश आहे. आरक्षण करताना मुलांची वये भरलेली असूनही आधी न सांगितलेले शुल्क काउंटरवर मागितले गेले, तर आरक्षणाची प्रत व बिल जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे जाता येते. रायगडचा आयोग अलिबागला आहे. परंतु या कायद्याने तक्रारदाराला तो स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागण्याची मुभा दिली असल्याने पुण्याच्या किंवा ठाण्याच्या कुटुंबाला त्यासाठी अलिबाग गाठावे लागत नाही, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्कही पडत नाही.