अमेरिकन यादवी युद्ध : अर्थकारण, राजनय व लोकजीवन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांत १८६१–६५ या काळात झालेला सशस्त्र संघर्ष. नव्या प्रदेशांत गुलामगिरीचा विस्तार होऊ द्यावयाचा की नाही, हा त्यामागील मूळ प्रश्न होता. विस्तारास विरोध करणारा अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून येताच दक्षिणेतील राज्ये फुटून निघू लागली. अखेर अशा अकरा राज्यांचा वेगळा राज्यसंघ जेफर्सन डेव्हिसच्या अध्यक्षतेखाली उभा राहिला. १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफांचा मारा होऊन युद्धास तोंड फुटले. प्रस्तुत नोंदीत लढायांचा तपशील दिलेला नसून, दक्षिणेने ज्या हिशेबावर हे युद्ध पत्करले त्याचा परामर्श घेतला आहे.

तो हिशेब कापसाचा होता. ब्रिटिश गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सु. तीन-चतुर्थांश कापूस या राज्यांतून येई. तो थांबताच लँकाशरमधील गिरण्या बंद पडतील व ब्रिटनला आपली बाजू घ्यावीच लागेल, अशी मळेवाल्यांची खात्री होती. म्हणून १८६१ मध्ये, तसा कायदा नसतानाही, त्यांनी कापूस रोखून धरला. ही चूक त्यांना फार महागात पडली. आधीच्या भरघोस पिकांमुळे ब्रिटनमध्ये मोठे साठे शिल्लक होते. आणि उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी अद्याप ढिली असताना जो माल विकून शस्त्रे व पत मिळविता आली असती, तो गोदामांत पडून राहिला. साठे संपले, तोवर नाकेबंदी आवळली गेली होती.

राजनयातही दक्षिणेला यश लाभले नाही. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या युद्धनौकेने ‘ट्रेंट’ या ब्रिटिश टपालबोटीवरून दक्षिणेच्या मेसन व स्लायडेल या दोघा वकिलांना पकडले, तेव्हा ब्रिटनशी युद्धाचा प्रसंग ओढवला होता. परंतु लिंकनने त्यांना सोडून देऊन तो टाळला. १८६२ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळात मध्यस्थीचा विचार चालू असतानाच अँटीएटमच्या लढाईनंतर (१७ सप्टेंबर) दक्षिणेच्या सैन्याला माघार घ्यावी लागली. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून अंमलात आल्यावर तर गुलामगिरीच्या बाजूने उभे राहणे कोणत्याही युरोपीय सरकारला अवघड झाले. बेकारीने गांजलेल्या मँचेस्टरच्या कामगारांनी लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले, ही घटना प्रसिद्ध आहे. मात्र सारे लँकाशर त्याच मताचे होते, असे मानणे बरोबर नाही. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची सहानुभूती बव्हंशी दक्षिणेकडे होती.

युद्धखर्चासाठी उत्तरेने प्राप्तिकर बसविला, सामान्य नागरिकांना कर्जरोखे विकले आणि १८६२ पासून ‘ग्रीनबॅक’ नोटा काढल्या. दक्षिणेत करांचे उत्पन्न एकूण महसुलाच्या एक-दशांशाहूनही कमी राहिले. मुख्य भिस्त छापील नोटांवर होती. परिणामी युद्धाच्या अखेरीस तेथील किंमती सु. नव्वद पटींनी वाढल्या. मार्च १८६३ मध्ये पॅरिसच्या एर्लांगर पेढीमार्फत कापसाच्या तारणावर ३० लक्ष पौंडांचे कर्ज उभारण्यात आले. पण तारणाचा कापूस नाकेबंदीच्या पलीकडे होता.

या साऱ्याचा भार गरिबांवर पडला. २ एप्रिल १८६३ रोजी राजधानी रिचमंडमध्ये भुकेल्या स्त्रियांनी दुकाने लुटली; डेव्हिसने स्वतः येऊन गोळीबाराची धमकी दिली, तेव्हा जमाव पांगला. वीस वा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषास सैन्यभरतीतून सूट होती. उत्तरेतही ३०० डॉलर भरून भरती चुकविता येई. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या दंगलीत त्याविरुद्धचा रोष उसळला आणि तो निरपराध कृष्णवर्णीयांवर कोसळला. याउलट सु. १,८०,००० कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. त्यांतील बहुसंख्य गुलामगिरीतून सुटलेले होते.

कापसाच्या या टंचाईने मुंबईचेही रूप पालटले. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला, शहरात चांदीचा ओघ लागला आणि त्यातून बॅक बे भराव कंपनीसारख्या शेअरांचा सट्टा माजला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्याची वार्ता पोहोचताच भाव कोसळले. १ जुलैला वायद्यांची मुदत भरली, तेव्हा प्रेमचंद रायचंदसह अनेक धनिक बुडाले. बँक ऑफ बाँबेही पुढे १८६८ मध्ये बंद पडली.

डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) दक्षिणेची युद्धकर्जे व मुक्त गुलामांच्या भरपाईचे दावे रद्दबातल ठरविले. त्यामुळे एर्लांगर रोख्यांची थकलेली रक्कम धनकोंना कधीच मिळाली नाही.