विश्लेषण : मूल लंगडते, पण दुखत नाही... काय आहे ‘कॉक्सा व्हारा’?

मूल चालायला लागते, पण एका बाजूला झुकत चालते. दुखत नाही, तापही नाही. ‘मोठे झाले की सुधारेल’ असे म्हणून अनेक घरांत थांबले जाते. काही मुलांमध्ये मात्र या चालीमागे खुब्याच्या हाडाचा बिघडलेला कोन असतो.

नेमके काय बिघडते?

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत बसतो. माथा आणि हाडाचा सरळ दांडा यांना जोडणारा तिरका भाग म्हणजे हाडाची ‘मान’. मान आणि दांडा यांच्यातील कोन जन्मतः सुमारे १५० अंश असतो आणि वाढीबरोबर कमी होत १२५ ते १३५ अंशांच्या आसपास स्थिरावतो. तो १२० अंशांहूनही खाली गेला, तर त्याला ‘कॉक्सा व्हारा’ म्हणतात.

चाल का बदलते?

कोन कमी झाला की खुब्याच्या बाजूचे स्नायू सैल आणि कमजोर पडतात. त्या पायावर उभे राहिल्यास कमरेची दुसरी बाजू खाली झुकते. ही खूण जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. एकाच पायात दोष असल्यास तो पाय आखूड दिसतो. दोन्हीकडे असल्यास मूल बदकासारखे डुलत चालते.

कारणे कोणती?

काहींत दोष जन्मजात असतो, तर काहींत तो चालायला लागल्यावर लक्षात येतो. मुडदूस, हाडातील जंतुसंसर्ग किंवा खुब्याजवळचे फ्रॅक्चर यांमुळेही तो उद्भवतो. मुडदूस असल्यास आधी त्यावर उपचार करावे लागतात.

थांबायचे की शस्त्रक्रिया?

हे एक्स-रे ठरवतो. हाडाच्या वाढीची पट्टी किती उभी झाली आहे, हे त्यात मोजतात. हा कोन ४५ अंशांहून कमी असेल, तर दोष बहुधा आपोआप सुधारतो. ४५ ते ६० अंशांदरम्यान ठरावीक काळाने एक्स-रे काढून लक्ष ठेवतात. ६० अंशांपुढे दोष वाढतच जातो, कारण पट्टी उभी झाल्याने शरीराचा भार तिला दाबण्याऐवजी सरकवू लागतो. अशा वेळी हाड कापून योग्य कोनात बसवतात आणि प्लेटने पक्के करतात. लहान मुलांना त्यानंतर काही आठवडे प्लास्टर लागू शकते.

मालिश, पट्टे, व्यायाम यांनी भागते का?

नाही. व्यायामाने स्नायूंना बळ मिळते, पण हाडाचा कोन बदलत नाही. पायांच्या लांबीत थोडा फरक असल्यास बुटाचा तळ उंच करून घेता येतो. शस्त्रक्रियेनंतरही दोष पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी चुकवू नये.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- मूल सतत लंगडत किंवा डुलत चालत असेल, तर दुखत नसले तरी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. खुबा जन्मतः निखळलेला असला, तरी चाल अशीच दिसते.
- ताप आणि पाय टेकवता न येणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.
- दहा-बारा वर्षांनंतरचे मूल गुडघा किंवा मांडी दुखते म्हणून लंगडत असेल, तर खुब्याचाही एक्स-रे काढावा. हाडाचा माथा सरकलेला असू शकतो. तपासणी होईपर्यंत मुलाला चालवू नये.