महाकथन म्हणजे नुसती मोठी गोष्ट नव्हे

‘उत्तर-आधुनिकतेत सत्यच नसतं, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा निकालात!’ असं सरसकट विधान बऱ्याचदा वाचायला मिळतं. मूळ मांडणी इतकी सोपी नाही.

झाँ-फ्रान्स्वा ल्योतार यांचा ज्ञानाच्या स्थितीवरचा अहवाल १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘महाकथनांवरचा अविश्वास’ ही उत्तर-आधुनिकतेची खूण सांगितलीय. त्यांचा प्रश्न असा: विज्ञान सगळ्यांकडे पुरावा मागतं, पण विज्ञानाला मान्यता कुठून मिळते? ती मानवमुक्तीसारख्या मोठ्या कथनांतूनच आली, आणि आता त्यांच्यावर विश्वास उरलेला नाही.

मग ख्रिस्ती धर्माचं काय? तत्त्वज्ञ जेम्स के. ए. स्मिथ यांचं २००६ सालचं उत्तर: जे कथन सार्वत्रिक बुद्धीच्या आधारे स्वतःला सिद्ध करू पाहतं, तेच महाकथन. बायबल श्रद्धेची हाक देतं, म्हणून ते यात बसत नाही. गंमत म्हणजे, ल्योतार यांनी स्वतः १९८६ च्या पुस्तकात ख्रिस्ती तारणकथेचा महाकथनांत समावेश केला होता!

स्मिथ यांचं ऐकलं, तरी एक अडचण उरते. येशूचं पुनरुत्थान ही ‘आमच्यापुरती’ खरी गोष्ट नाही. प्रत्यक्ष घडलेली, सगळ्यांसाठीची घटना म्हणून ती सांगितली जाते. मग बाहेरच्या माणसाने ती कशाच्या आधारावर मानायची? खरं आव्हान इथे आहे.

संशोधनात म्हणूनच दोन प्रश्न वेगळे ठेवा: दावा खरा आहे का? आणि तो खरा की खोटा, हे ठरवायचे नियम कोणाचे? ल्योतार दुसरा प्रश्न विचारतात. त्याला पहिल्याचं उत्तर समजलं, की वरच्यासारखी सरसकट विधानं तयार होतात.